एक व्ही, दोन व्ही, तीन व्ही: व्हर्बोज मोडमध्ये किती तपशील दाखवायचा?

कमांड लाइनवर चालणारं टूल लिहिताना व्हर्बोज मोडचा (टूल काय करतंय ते सविस्तर सांगणाऱ्या सोयीचा) विचार बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी होतो. कोड नीट चालतोय का हे बघायला जागोजागी प्रिंट टाकलेले असतात. टूल मार्गी लागलं तरी ते पुसवत नाहीत, म्हणून सगळेच्या सगळे ‘-व्ही’ या फ्लॅगमागे (कमांडला जोडायच्या पर्यायामागे) ढकलले जातात. मग वापरणाऱ्याने ‘-व्ही’ दिलं की पडद्यावर शेकडो ओळी धावतात आणि ‘माझी ही एक फाइल का आली नाही?’ या त्याच्या साध्या प्रश्नाचं उत्तर त्यांत सापडत नाही.

ओळ किती महत्त्वाची वाटते यावरून तिची पातळी ठरवू नका. ती कोणाच्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे, यावरून ठरवा. पुढच्या सगळ्या पायऱ्या यातूनच निघतात.

उदाहरणासाठी एक छोटं काल्पनिक टूल धरू. नाव ‘जतन’. काम एवढंच: एका फोल्डरमधले फोटो बाहेरच्या डिस्कवर कॉपी करायचे. जे आधीच तिथे आहेत ते वगळायचे, वगळण्याच्या यादीतल्या फोल्डरांत शिरायचं नाही, आणि कॉपी झाल्यावर चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) ताडून बघायचा.

## पायरी १: कोड बाजूला ठेवा, प्रश्न लिहा

कागदावर तीन माणसं मांडा. पहिला माणूस टूल क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीतून) रोज रात्री चालवतो आणि त्याकडे बघतही नाही. दुसरा टर्मिनलसमोर बसलाय, त्याला अपेक्षित होतं ते घडलेलं नाही. तिसरा म्हणजे कोड सांभाळणारा: आज तुम्ही, दोन वर्षांनी कदाचित दुसरं कोणी.

पहिल्याचा प्रश्न: काही बिघडलं का? दुसऱ्याचे प्रश्न दोन: टूलने नेमकं काय केलं, आणि अमुक गोष्ट का केली किंवा का केली नाही? तिसऱ्याचा प्रश्न: हे आतून कसं घडलं, कुठे वेळ गेला, कुठे अडकलं?

म्हणजे चार प्रश्न झाले आणि चार पातळ्याही झाल्या. शून्य: बिघडलं का. एक व्ही (‘-व्ही’): काय केलं. दोन व्ही (‘-व्हीव्ही’): का. तीन व्ही (‘-व्हीव्हीव्ही’): कसं. आता कोडमधली प्रत्येक ओळ हातात घ्या आणि ती यांपैकी कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे ते विचारा. ‘इथपर्यंत आलो’, ‘लूप सुरू’, ‘यादी रिकामी नाही’ अशा ज्या ओळी कशाचंच उत्तर नाहीत, त्या काढून टाका. त्यांना तीन व्हीमध्येही जागा देऊ नका.

## पायरी २: शून्य पातळी आधी ठरवा

युनिक्सच्या जुन्या शिरस्त्याप्रमाणे काम सुरळीत झालं तर टूल काहीच छापत नाही. फाइल कॉपी करणारं ‘सीपी’ आणि हलवणारं ‘एमव्ही’ आजही तसेच वागतात. यामागचं कारण व्यवहारी आहे. क्रॉनमधल्या कामाने काहीही छापलं की ते मेलने मालकाकडे जातं. रोज रात्री ‘सगळं ठीक’ असा मेल येऊ लागला तर पंधरा दिवसांत तो न उघडता पुसला जातो, आणि ज्या रात्री डिस्क भरते त्या रात्रीचा मेलही त्यांच्याबरोबर जातो.

एररला मात्र शून्य पातळीवर जागा हवीच, आणि इशाऱ्यांनाही. ‘तीन फोटो वाचता आले नाहीत’ हे कळायला ‘-व्ही’ द्यावं लागत असेल तर तो व्हर्बोज मोडचा दोष नाही, टूलचा दोष आहे. एररची ओळ इतकी पूर्ण असावी की ती वाचून पुन्हा ‘-व्ही’ लावून चालवायची गरज पडू नये: कोणती फाइल, काय करताना, आणि ऑपरेटिंग सिस्टिमने काय कारण दिलं.

काम तास-तास चालणारं असेल तर निव्वळ शांतता माणसाला अस्वस्थ करते. तिथे प्रगतीची एक ओळ दाखवा, पण समोर खरोखर टर्मिनल असेल तरच. कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं गिट हेच करतं: स्टँडर्ड एरर (चुका आणि सूचना छापायची आउटपुटची वेगळी वाट) टर्मिनलला जोडलेला असेल तर टक्केवारी दिसते, फाइलमध्ये वळवलेला असेल तर दिसत नाही. ही तपासणी बहुतेक भाषांत एका ओळीची आहे. ती न केल्यास लॉग फाइलमध्ये एकाच ओळीवर हजारो वेळा गिरवलेले आकडे जमा होतात.

## पायरी ३: एक व्ही म्हणजे झालेल्या कामाची यादी

इथे एक कसोटी पाळा: एक व्हीचं आउटपुट झालेल्या कामाच्या प्रमाणात वाढावं, तपासलेल्या कामाच्या प्रमाणात नाही. चाळीस हजार फोटो तपासले आणि बारा नवे निघाले, तर ओळी बारा आणि शेवटी गोषवारा:

```
कॉपी केला: २०२४/दिवाळी/किल्ला-०१.जेपीजी
कॉपी केला: २०२४/दिवाळी/किल्ला-०२.जेपीजी
…
१२ कॉपी, ३९९८८ वगळले, ० चुका
```

आरसिंक या फाइली कॉपी करणाऱ्या टूलचं वागणं जवळजवळ असंच आहे. एका व्हीला ते पाठवल्या जाणाऱ्या फाइलींची नावं आणि शेवटी थोडक्यात हिशेब देतं. न हललेल्या फाइलींचा उल्लेखही नसतो. ‘सीपी’ला ‘-व्ही’ दिलं की प्रत्येक फाइलमागे एक ओळ: कुठून, कुठे. बास.

गोषवाऱ्यातला ‘वगळले’ हा आकडा गाळू नका. तो बघूनच माणसाला पुढच्या पातळीवर जायचं सुचतं.

## पायरी ४: दोन व्ही, जिथे सगळी मेहनत घालायची

माझ्या मते व्हर्बोज मोडचं मोल याच पातळीवर ठरतं, आणि बहुतेक टूल्समध्ये हीच सगळ्यात दुर्लक्षित असते. माणूस दोन व्ही देतो तेव्हा त्याची एक ठाम समजूत असते (‘हा फोटो नवा आहे, कॉपी व्हायलाच हवा होता’) आणि टूलने तिच्याविरुद्ध निर्णय घेतलेला असतो. त्याला तो निर्णय आणि त्यामागचं कारण दाखवायचं आहे.

म्हणून आधी टूलमधले निर्णय मोजा. कोडमध्ये जिथे जिथे ‘हे केलं तर एक वाट, नाही तर दुसरी’ असा फाटा आहे आणि त्याचा परिणाम वापरणाऱ्याला जाणवतो, तो निर्णय. ‘जतन’मध्ये असे चार आहेत: कोणती सेटिंगची फाइल वाचली, कोणता फोल्डर वगळला, कोणता फोटो आधीच आहे असं मानलं, आणि चेकसम न जुळल्यास पुन्हा प्रयत्न केला का. या चारही जागी एक-एक ओळ हवी.

नुसतं कारण पुरत नाही. ज्या किमती ताडून निर्णय घेतला त्याही दाखवा. या दोन ओळी शेजारी ठेवून बघा:

```
वगळला, आधीच आहे: किल्ला-०७.जेपीजी
वगळला, आकार (३२४५१७६) आणि वेळ (१४:०२:१०) दोन्हीकडे तेच: किल्ला-०७.जेपीजी
```

पहिली वाचून माणूस ‘नाही हो, नाहीये तो तिथे’ असं म्हणून अडकतो. दुसरी वाचून त्याला कळतं की टूल फोटोच्या आतला मजकूर बघतच नाही, फक्त आकार आणि वेळ बघतं. आकार न बदलता आणि वेळ तशीच ठेवून फोटोत काही बदललं असेल, तर चूक कुठे आहे हे त्याला तुमची मदत न घेता उमगतं.

सेटिंगच्या बाबतीतही तेच. कोणत्या फाइली कोणत्या क्रमाने पाहिल्या, कोणती सापडली नाही, आणि एकच सेटिंग दोन ठिकाणी असेल तर कोणतं जिंकलं, हे तिन्ही लिहा. ‘सापडली नाही’ ही ओळ विशेषतः महत्त्वाची: नावात एक अक्षर चुकलेली सेटिंगची फाइल शोधायला तिच्याइतकं उपयोगी काही नाही.

ओळींचा पूर मात्र इथेही थोपवायला हवा. वगळण्याच्या यादीत अख्खा फोल्डर असेल तर फोल्डरमागे एकच ओळ द्या. आतल्या सहा हजार फोटोंमागे एक-एक देऊ नका, कारण निर्णय एकदाच झाला आहे. आधीच असलेल्या फोटोंचा निर्णय मात्र प्रत्येकाचा वेगळा, म्हणून तिथे प्रत्येकी ओळ योग्य. आरसिंकही न हललेल्या फाइलींची माहिती दुसऱ्या व्हीपासूनच द्यायला लागतं.

‘का’ नेहमी दुसऱ्याच पातळीवर असतं असं नाही. दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणी करणारं ओपनएसएसएच घ्या. जोडणी होते आहे तोवर त्याच्या एसएसएच कमांडला ‘-व्ही’ द्यायचं कोणाच्या मनात येत नाही. ते दिलं जातं जोडणी नाकारली गेल्यावरच. म्हणून तिथे पहिल्या व्हीलाच कोणती सेटिंगची फाइल वाचली, कोणत्या पत्त्यावर जोडणी केली, कोणत्या किल्ल्या पुढे केल्या हे सगळं येतं. ‘काय केलं’ या पातळीची तिथे गरजच नाही. आपल्या टूलला ‘-व्ही’ लोक कोणत्या घडीला लावतील याचा विचार करा. प्रश्नांचा क्रम त्यावर ठरतो.

## पायरी ५: तीन व्ही, आणि त्याच्या पुढे काय

तिसरी पातळी कोड सांभाळणाऱ्याची. किती बाइट कोणत्या तुकड्यांत वाचले, प्रत्येक टप्प्याला किती मिलिसेकंद लागले, सर्व्हरशी नेमकी काय देवाणघेवाण झाली. इथे भाषा तांत्रिक असली तरी चालते. एक गोष्ट कटाक्षाने करा: वेळखाऊ किंवा अडकू शकणाऱ्या कामाची ओळ ते सुरू होण्याआधी छापा. ‘डिस्कवर लिहायला घेतो’ ही शेवटची ओळ दिसून पुढे शांतता पसरली, तर टूल कुठे अडकलंय ते उघड होतं. काम संपल्यावरच छापलं तर शेवटची ओळ आधीच्या, सुखरूप पार पडलेल्या कामाची असते आणि शोध चुकीच्या जागी सुरू होतो.

पातळ्या किती असाव्यात? ओपनएसएसएच तीन व्हींवर थांबतं, पायथनची पॅकेजं बसवणारं पिपही तीनवर. अनेक सर्व्हर एकदम सांभाळणाऱ्या अ‍ॅन्सिबलमध्ये जोडणीचे तपशील हवे असतील तर चार द्यावे लागतात, आणि ते त्याच्याही पुढे जातं. वेबवरून माहिती आणणाऱ्या कर्लमध्ये कित्येक वर्षं ‘-व्ही’ची एकच पातळी होती आणि सखोल नोंदीसाठी वेगळा ‘ट्रेस’ पर्याय होता. सप्टेंबर २०२४ मधल्या ८.१०.० आवृत्तीपासून तिथे व्ही चार वेळा देता येतो. कुबेसीटीएल (कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटीसचं टूल) तर व्हीला आकडाच लावतं: ६ ला मागवलेले पत्ते, ७ ला हेडर, ८ ला मजकूर, ९ ला तोच मजकूर न कापता. हे आकडे पाठ असलेला माणूस विरळा. लोक थेट ९ देतात.

तीनच्या पुढे जावंसं वाटू लागलं तर थांबा. बहुतेक वेळा अडचण तपशील कमी पडण्याची नसते, विषय मिसळल्याची असते. एकाला फक्त वगळण्याची कारणं हवी आहेत आणि दुसऱ्याला फक्त नेटवर्क. दोघांनाही एकमेकांचा पूर सोसावा लागतो. आरसिंकने २०१३ मध्ये ३.१.० आवृत्तीत यावर उपाय आणला: ‘इन्फो’ आणि ‘डीबग’ असे दोन पर्याय, ज्यांत विषयाचं नाव देऊन तेवढ्याचाच तपशील मागता येतो. ‘-व्ही’ तिथे काढून टाकला नाही. तो आता त्या विषयांची आधीच बांधून ठेवलेली जुडी आहे. छोट्या टूलला हे लागत नाही. पण चौथा व्ही जोडण्याआधी विषयवार वाटणी करून बघा.

## पायरी ६: कुठे छापायचं

टूलचं मुख्य आउटपुट पुढच्या कमांडला जाणार असेल तर व्हर्बोजची प्रत्येक ओळ स्टँडर्ड एररवर जायला हवी. कर्ल आणि एसएसएच असंच करतात, म्हणून कर्लचं उत्तर पाइपमधून पुढे नेलं तरी ‘-व्ही’च्या ओळी त्यात मिसळत नाहीत. फाइली एका गठ्ठ्यात (आर्काइव्हमध्ये) बांधणाऱ्या जीएनयू टारचं उदाहरण बघण्यासारखं आहे: एरवी ते फाइलींची नावं स्टँडर्ड आउटपुटवर छापतं, पण आर्काइव्हच तिकडे जात असेल तर नावं स्टँडर्ड एररकडे वळवतं. नाही तर आर्काइव्ह खराब झालं असतं. दोन वाटा सांभाळण्यापेक्षा नव्या टूलमध्ये सरळ स्टँडर्ड एररच धरा.

## पायरी ७: गुपितं कोणत्याच पातळीवर नकोत

हा भाग कृपा करून वगळू नका. व्हर्बोज आउटपुट मुळात दुसऱ्याला दाखवण्यासाठीच घेतलं जातं. माणूस अडकतो, तीन व्ही लावतो, सगळं उचलून मदत मागताना चिकटवतो. त्यात टोकन (पासवर्डसारखी गुप्त किल्ली) असेल तर ते त्या क्षणी जगजाहीर झालं. कर्लच्या मॅन्युअलमध्ये ‘-व्ही’खालीच इशारा आहे की या आउटपुटमध्ये युजरनेम, पासवर्ड, गुप्त मजकूर येऊ शकतो. ओपनएसएसएचच्या सर्व्हरचं मॅन्युअल डीबग पातळीवर लॉग ठेवल्याने वापरणाऱ्यांच्या खासगीपणाचा भंग होतो असं सांगून ती पातळी टाळायला सांगतं.

इशारा देण्यापेक्षा मुळातच झाकणं चांगलं. गिटच्या ट्रेसमध्ये ऑथरायझेशन हेडर आपोआप झाकलं जातं. उघडं बघायचं असेल तर मुद्दाम सांगावं लागतं. अ‍ॅन्सिबलमध्ये एखाद्या टास्कला ‘नो लॉग’ लावता येतं. तुमच्या टूलमध्ये गुपित हाती येताच ते अशा वस्तूत ठेवा जी छापली तर फक्त ‘झाकलं आहे’ एवढंच उमटेल. मग पुढे कोणीही कुठेही प्रिंट टाकला तरी धोका नाही. आणि अडकलेल्या माणसाला टोकन बघायचं नसतंच. ते कुठून घेतलं एवढंच हवं असतं: ‘टोकन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून घेतलं, सेटिंगच्या फाइलमधलं सोडून दिलं’. ही ओळ दोन व्हीला द्या.

## पायरी ८: ओळीची घडण

क्रिया आधी, कारण मध्ये, फाइलचं नाव शेवटी. म्हणजे ‘वगळला’ या शब्दावरून ग्रेप करता येतं (तेवढ्याच ओळी शोधून काढता येतात), आणि नाव कितीही लांब असलं तरी रांग बिघडत नाही. मराठी नावांच्या बाबतीत याला आणखी एक कारण आहे. टर्मिनलवर रकाने जुळवायला आपण अक्षरं मोजून मागे रिकाम्या जागा भरतो. ‘मराठी’ या शब्दाची लांबी पायथनमध्ये ५ भरते, कारण काना आणि वेलांटी स्वतंत्र मोजली जातात. पडद्यावर तो इतकी जागा घेतोच असं नाही. रकाने वाकडेतिकडे होतात. नाव शेवटी ठेवलं की हा प्रश्नच उरत नाही.

नाव जसं आहे तसं छापा. गिट मूळ सेटिंगमध्ये देवनागरी फाइलनावं ३४०, २४४ अशा आकड्यांच्या माळेत दाखवतं, आणि ‘कोअर डॉट कोटपाथ’ हे सेटिंग ‘फॉल्स’ केलं की ती वाचता येतात. ज्यांच्या फाइलींची नावं मराठीत आहेत त्यांच्यासाठी आकड्यांची ती माळ म्हणजे काहीच न सांगण्यासारखं आहे. नावातली नवी ओळ किंवा नियंत्रण-अक्षरं तेवढी बदलून छापा, अक्षरांना हात लावू नका.

## पायरी ९: कोडमध्ये जोडणी

पायथनमध्ये आर्गपार्स या फ्लॅग वाचणाऱ्या मॉड्यूलची ‘काउंट’ क्रिया व्ही किती वेळा दिला ते मोजते. तिला डिफॉल्ट म्हणून ० द्यायलाच हवं. नाही दिलं आणि वापरणाऱ्याने एकही व्ही लावला नाही, तर शून्याऐवजी ‘नन’ हाती येतं आणि पुढची तुलना कोसळते. लॉगिंग मॉड्यूलमध्ये वॉर्निंग ३०, इन्फो २०, डीबग १०. शून्य व्हीला ३०, एकाला २०, दोनाला १०, आणि तिसऱ्यासाठी ५ अशी स्वतःची पातळी ठेवा. कोणी पाच-सहा व्ही दिले तर एरर देऊ नका, तिसऱ्याच पातळीवर थांबा.

संदेश आधीच जुळवून लॉगरला देऊ नका. साचा आणि किमती वेगवेगळ्या द्या. पातळी बंद असेल तर जुळवणीचा खर्च वाचतो, आणि चाळीस हजार फोटोंवर तो जाणवण्याइतका असतो.

छोटा ‘व्ही’ व्हर्बोजसाठी, मोठा आवृत्तीसाठी. पायथनमध्ये असंच आहे. नोडमध्ये छोटा व्ही आवृत्ती सांगतो, ग्रेपमध्ये न जुळणाऱ्या ओळी दाखवतो. त्या जुन्या सवयी आहेत, नव्या टूलने त्या उचलू नयेत.

आणि पातळी बदलल्याने टूलचं वागणं बदलता कामा नये. तेच काम, तोच एक्झिट कोड (संपताना यश-अपयश सांगणारा आकडा). लिनक्सवर सॉफ्टवेअर बसवणाऱ्या एपीटीमध्ये शांत राहायला सांगणारा ‘-क्यूक्यू’ दिला की प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ धरलं जातं, म्हणून त्याच्या मॅन्युअलमध्येच तो पर्याय जपून वापरायचा इशारा द्यावा लागला आहे. शांत राहणं आणि होकार देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांचे फ्लॅगही वेगळे असू द्या.

## पायरी १०: पारखून घ्या

मुद्दाम तीन गोष्टी बिघडवा: एक फोटो वाचायची परवानगी काढून घ्या, सेटिंगच्या फाइलचं नाव चुकवा, एका फोटोचा फोल्डर वगळण्याच्या यादीत घाला. मग कोड न पाहिलेल्या एखाद्या सहकाऱ्याला टूल चालवायला द्या आणि ‘हा फोटो का आला नाही?’ एवढंच विचारा. पहिल्याचं उत्तर त्याला शून्य पातळीवर मिळायला हवं, बाकी दोन्हींचं दोन व्हीमध्ये. त्याला तीन व्ही लावावे लागले तर ती ओळ खाली दडली आहे, वर आणा. आउटपुट स्क्रोल करताना त्याचे डोळे ज्या ओळींवरून सारखे घसरतात, त्या खाली न्या.

स्क्रिप्टमधून वाचण्यासाठी व्हर्बोज आउटपुट वापरू नका असं स्पष्ट लिहा, आणि तशी गरज असेल तर त्यासाठी स्थिर साच्याचा वेगळा पर्याय द्या, जसा गिटमध्ये ‘पोर्सेलिन’ आहे. नाही तर एका ओळीतला शब्द सुधारला की कोणाची तरी स्क्रिप्ट मोडते, आणि त्या भीतीने ओळी सुधारणंच थांबतं.

शेवटी हेल्पचा मजकूर. ‘व्ही तीन वेळा देता येतो’ एवढं लिहून भागत नाही. कितव्यांदा दिल्यावर काय मिळेल ते लिहा:

```
-व्ही         कॉपी केलेल्या प्रत्येक फोटोची ओळ आणि गोषवारा
-व्हीव्ही      वगळलेले फोटो, कारणासह. कोणती सेटिंग कुठून घेतली
-व्हीव्हीव्ही   वाचन, लेखन, चेकसम यांचे टप्पे आणि लागलेला वेळ
              (टोकन व पासवर्ड कोणत्याही पातळीवर छापले जात नाहीत)
```